साफ केलेला आवाज

मालुबाईंना झोप येत नव्हती, आणि सदलग्यात त्यावर औषध नव्हतं, कारण सदलग्याच्या त्या घरात सगळंच चांगलं होतं. भिंती जाड होत्या. खिडक्यांना सरकत्या काचा होत्या, त्या लावल्या की रस्ता गप्प व्हायचा. पंखा फिरतोय की नाही हे बघायला मान वर करावी लागायची. सूनबाई स्वरूपा मऊ चपला घालून घरभर फिरायची आणि एका शब्दाने वर बोलायची नाही. अशा घरात माणसाने फार तर मरावं. झोपावं कसं?

"डॉक्टरनं गोळी दिलीया," मालुबाई फोनवर धाकट्या भावाला सांगत होत्या. "गोळी घेऊन पडते. गोळी झोपती. मी जागीच."

"दुपारचा तरी डोळा लागतोय न्हवं, आक्का?"

"कशाचा डोळा! कानात मुंग्या चालत्यात रं सुबराव. एवढं गप्प हाय हितं, की माझंच रगात फिरताना ऐकू येतंय."

सुबराव हे ऐकत होते ते बेळगावच्या वडगावात, आपल्या घराच्या रिकाम्या सोप्यात, म्हणजे पुढच्या लांब खोलीत, उभे राहून. या सोप्यात माग होते. विजेवरचे, साडी विणायचे. त्यांचं काय झालं हे सांगण्यात आता अर्थ नाही. साडी कुठून कुठून गाड्या भरून येते, वडगावची म्हणून विकली जाते, आणि ज्यांनी याचा जाब विचारायचा ते पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. दोन्ही भाषांत साडी परगावचीच. सुबरावांनी माग भंगारात घातले. उद्यमबागेतल्या कुठल्यातरी भट्टीत वितळून एव्हाना त्यांचे पंप झाले असतील.

मालुबाईंचा नवरा लवकर गेला. तेव्हा लहानग्या किशनला काखेत घेऊन त्या माहेरी आल्या, मागाशेजारी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला बसल्या आणि उठल्याच नाहीत. पुढे किशन साखर कारखान्यात लागला, त्याने सदलग्यात घर बांधलं, आईला ये ये म्हणून दमला. मालुबाई म्हणायच्या, "माग हाईत तवर मी हाय." माग गेले आणि मालुबाईही गेल्या. म्हणजे सदलग्याला.

मागाच्या आवाजाला गोंगाट म्हणणारे लोक मागाच्या घरात जन्मलेले नसतात. जन्मलेल्याला तो आवाज ऐकूच येत नाही. तो हवेसारखा असतो, पाण्यासारखा असतो. धोटा इकडून गेला, खटाक. तिकडून आला, खट. त्या लयीवर पापणी आपोआप खाली येते, भिंत मऊ लागते, बसल्या जागी माणूस कुठल्या कुठे जाऊन पोचतो. पाळण्यातल्या पोराला त्या घरात कुणी अंगाई म्हणत नाही. वीज गेली आणि माग थांबले, की पोर दचकून उठतं आणि रडायला लागतं. मालुबाई आता तशाच उठून बसल्या होत्या, आणि वीज काही परत येत नव्हती.

"आक्का," सुबराव म्हणाले, "मी तुला माग पाठवतो."

"भंगारवाल्याकडनं?"

"न्हाय गं. शेवटच्या दिशी मोबाईल फळीवर उभा करून व्हिडिओ काढलता बघ. मोबाईलचं पोट भरस्तवर चाललंय त्ये. चांगला तासभर हाय."

व्हिडिओ त्यांनी लगेच पाठवलाही. किशनने तो आईच्या कानाशी धरला. मालुबाईंनी क्षणभर ऐकलं आणि मोबाईल दूर ढकलला. "ह्यो माग न्हवं. काडेपेटीत डास कोंडलाय."

*

वडगावला लागून असलेल्या शहापुरात राघवेंद्रचं दुकान होतं. लग्नं, मुंजी, बारशी, सत्कार, जे हलेल त्याचं तो शूटिंग करायचा आणि जे हलणार नाही त्याचा पासपोर्ट फोटो. सुबरावांनी मोबाईल त्याच्यापुढे ठेवला.

"डीव्हीडी?" राघवेंद्र हसला. "अण्णा, आता कोण डीव्हीडी करतंय? पेन ड्राइव्हवर देतो की."

"भाच्याच्या टीव्हीखालचा डबा जुना हाय. त्येला ताटलीच कळती. पर त्येचं भोंगं बघशील तर कमरंएवढं हाईत. भजन लावलं की खिडक्या थरथरत्यात."

"मग मोबाईलवरून पाठवा."

"पाठवलता. तितं गेल्यावर डास झाला त्येचा."

"होणारच की." राघवेंद्रला आवडता विषय मिळाला. त्याने खुर्ची वळवली. "पाठवताना कंपनीवाले फाईल पिळून घेतात अण्णा. रस काढून चोथा पाठवतात. इथं तसं नाही. ही फाईल आधी डीव्हीडीच्या फॉर्मॅटमध्ये कन्व्हर्ट करायची. ती करताना घाईगडबड केली की गेली क्वालिटी. एका डिस्कवर तासाभराचं चांगलं बसतं. लोक काय करतात, तीन-तीन तासांचं कोंबतात आणि मग नवरीचं नाक दिसत नाही म्हणून माझ्याशी भांडतात."

"बराबर हाय. तेवढ्याच सुतात लांब साडी काढाय गेलं की विरळ व्हतीया."

"तसंच समजा. वर लिहिताना पण स्लो स्पीडला लिहायची. मी क्वालिटी एक टक्का जाऊ देणार नाही. आयतु? चालेल?"

"झालं तर मग. पर बघ राघवेंद्र, माझी बहीण झोपली पायजे."

राघवेंद्रला हे नीट कळलं नाही, पण गिऱ्हाईक असं काहीबाही बोलतं याची त्याला सवय होती. फाईल तपासायला त्याने ती दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर लावली.

खटाक. खट. खटाक. खट.

बाहेर दुपार होती, रस्त्यावर ऊन पसरलेलं होतं, आणि दुकानात माग चालू झाला. पडद्यावर धोटा इकडून तिकडे धावत होता, निळी साडी कणाकणाने पुढे सरकत होती. पासपोर्ट फोटोसाठी आलेले एक वकील स्टुलावर ताठ बसले होते. आधी त्यांची हनुवटी खाली आली, मग खांदे. सुबराव भिंतीला टेकले आणि रिकामा सोपा, भंगारची गाडी, सगळं हळूहळू त्यांच्या अंगावरून उतरून गेलं. राघवेंद्र शेवटपर्यंत माउसवर हात ठेवून होता. पण माउसही उबदार असतो.

जाग आली तेव्हा व्हिडिओ कधीच संपलेला होता आणि वकीलसाहेबांची कोर्टातली तारीखही. फोटो न काढताच ते रागारागाने निघून गेले.

राघवेंद्र खजील झाला. खजील झालेला तंत्रज्ञ फार वाईट. तो स्वतःत दोष शोधत नाही, फाईलमध्ये शोधतो.

"उद्या या अण्णा," तो डोळे चोळत म्हणाला. "यात एक प्रॉब्लेम दिसतोय. मी बघतो."

राघवेंद्रच्या संगणकात आवाज साफ करायचं एक बटण होतं. लग्नाच्या शूटिंगमध्ये जनरेटरची घरघर आली की तो ते वापरायचा. संगणकाला नुसत्या घरघरीचा एक तुकडा ऐकवायचा आणि सांगायचं, हा कचरा आहे, असा जिथे जिथे दिसेल तिथून काढून टाक. संगणक बिचारा सांगितलेलं ऐकतो. माणसाला मात्र बटण दिसलं की ते दाबावंच लागतं. राघवेंद्रने आत माग ऐकवला, बटण दाबलं, आणि सुरुवातीचं अर्धं मिनिट कान लावून ऐकलं. टाचणी पडली तरी आवाज आला असता. त्याने समाधानाने ताटली लिहायला घातली. स्लो स्पीडला.

दुसऱ्या दिवशी त्याने ती पाकिटात घालून सुबरावांच्या हातात दिली. "पिक्चर जसंच्या तसं. आणि आवाज एकदम क्लीन केलाय. जास्तीचं काम आहे, पण तुमच्यासाठी म्हणून केलं."

"देव तुझं भलं करो," सुबराव म्हणाले. स्वच्छ सूत, स्वच्छ साडी, स्वच्छ आवाज, त्यांना यात वावगं काहीच वाटलं नाही. घरी ताटली लावून बघायची सोय नव्हती. मोबाईल मात्र जागा संपली म्हणून कधीपासून कुरकुरत होता. आता ताटली झालीच आहे म्हणून सुबरावांनी तो व्हिडिओ स्वतःच्या बोटाने पुसून टाकला. हे नुकतंच शिकलेलं काम होतं, त्यामुळे त्यांनी ते पक्कं केलं. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसलं.

*

"पाकिटातनं काढा बघू ती," अंबूबाई म्हणाल्या. अंबूबाई म्हणजे सुबरावांची बायको. हातात करंडा घेऊन त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. "नवी वस्तू घरातनं जातीया. हळद-कुकू न लावता?"

सुबरावांनी ताटली काढली. एक बाजू पांढरी, त्यावर राघवेंद्रच्या दुकानाचा शिक्का. दुसरी आरशासारखी झगझगीत.

"कपाळ कुठलं ह्येचं?"

"चकाकती ती सुलट बाजू," साडी विणण्यात जन्म गेलेला माणूस ठामपणे म्हणाला. "उलटीवर शिक्का मारत्यात."

अंबूबाईंनी सुलट बाजूला ठसठशीत हळद लावली, कुंकू लावलं आणि नमस्कार केला. "आक्कांला झोप लागू दे गं आंबाबाई. माझ्या आक्का म्हंजी देवमाणूस. मला कवा सुनंवाणी वागवलं न्हाय."

निपाणीला गाडी बदलून दोघे सदलग्याला निघाले. गाडीत शेजारच्या पोत्यांतून तंबाखूचा उग्र वास येत होता आणि बाहेर उसाचे फड एकामागून एक मागे सरकत होते. अंबूबाईंनी चांगली साडी नेसली होती. व्हिडिओत आपण आहोत हे त्यांना माहीत होतं. कॅमेऱ्याकडे पाठ होती, पण पाठ का होईना, टीव्हीवर यायची होती.

*

दुपारची जेवणं झाली. किशनने काचा सरकवल्या, पडदे ओढले. दिवाणखान्यात पाण्याच्या तळाशी असावा तसा हिरवट अंधार झाला. मालुबाईंना दिवाणावर उशीला टेकवून बसवलं. डोळे लाल झालेले, गाल बसलेले. स्वरूपाने त्यांच्या पायांवर हलकेच चादर टाकली आणि मऊ चपलांनी मागे सरकली.

"लाव रं किशन," सुबराव म्हणाले.

पडद्यावर सोपा उगवला. तोच सोपा, तेच माग, वरच्या झरोक्यातून आलेली उन्हाची तीच तिरपी पट्टी आणि तिच्यात तरंगणारा सुताचा भुगा. धोटा धावत होता. फणी मागेपुढे होत होती. आणि आवाज अजिबात नव्हता. स्वप्नात माणूस ओरडतो आणि ओरडणं बाहेर येत नाही, तसे ते माग जीव तोडून चालले होते.

भिंतीला टेकून, मांडीवर कांड्यांची टोपली घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून पडद्यावरच्या मालुबाई गाढ झोपल्या होत्या.

"बघा, बघा," दिवाणावरच्या मालुबाई हेव्याने म्हणाल्या. "कशी पडलीया बया! हिला काय कमी हाय?"

"आवाज कुठं गेला?" सुबराव उठून उभे राहिले. "आरं, वाढीव की."

किशनने आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला.

"भोंगं बिघडलं काय?"

"चांगले आहेत मामा. सकाळी भजन लावलं होतं."

"मग पुरतं कर. पार शेवटपतोर."

किशनने आवाज शेवटपर्यंत नेला. घरभर हलकीशी सळसळ पसरली, दूरवर कुठेतरी वारा सुटल्यासारखी. सगळ्यांनी कान टवकारले. आणि त्या वाऱ्यातून, कमरेएवढ्या भोंग्यांतून, खिडक्यांच्या काचा हलवत एक बाई बोलली.

"काढा, काढा! मागाचा फोटू काढा! बायकोचा कवा काढाय सुचला न्हाय मुडद्याला!"

अंबूबाईंनी दचकून मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मागाच्या घरात माणसं दोन तऱ्हांनी बोलतात. एक ओरडून आणि दुसरं हाताच्या खुणा करून. हे सगळ्यांना माहीत असतं. तिसरीही एक तऱ्हा असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. माग चालू असताना सुनेने पदर तोंडावर घ्यायचा आणि मनात येईल ते, येईल त्याच्याबद्दल, तो हातभर अंतरावर बसलेला असताना बिनधास्त बोलून घ्यायचं. देव ऐकतो, माणसाला ऐकू जात नाही. सुनांची डोकी त्यामुळेच ठिकाणावर राहिली. जाणकार लोक विणकरांच्या कलेवर भाषणं ठोकतात, त्यातल्या एकालाही हे माहीत नसतं. राघवेंद्रने तो माग काढून घेतला होता आणि खाली जे उरलं होतं ते साफ, क्लीन, एक टक्काही क्वालिटी न जाता सदलग्याला आणून सोडलं होतं.

"मामी, तुमचा आवाज!" किशनला आधी हसू आलं.

"माझा न्हाय," अंबूबाई म्हणाल्या. "कुणीतरी दुसरीच हाय."

पडद्यावर मात्र अंबूबाईंची पाठ होती आणि बोलण्याबरोबर ती हलत होती.

"आन् ह्या बघा म्हाराणी. चार कांड्या भरल्या की पसरलं पाय. घोरतीया म्हशीवाणी. मी ह्या घरात आले तवापसनं बघतीया. देवाला निवद हिच्या हातनं, पावण्याला च्या हिच्या हातनं. आन् साखरंला कुलूप…"

इथे ताटलीवरचं हळद-कुंकू आलं. पडदा थरथरला, पाठ एका जागी अडकली.

"साखरंला कुलूप. साखरंला कुलूप. साखरंला कुलूप."

"बंद कर! बंद कर ते!" सुबराव ओरडले.

"रिमोट कुठाय? स्वरूपा, रिमोट!"

"तुमच्याच हातात होता की!"

"साखरंला कुलूप. साखरंला कुलूप."

किशन दिवाणाखाली वाकला. स्वरूपा उशा उचलून बघायला लागली. दाराची कडी वाजली आणि शेजारचे गुंडूअण्णा बाहेरून ओरडले, "किशनराव, काय झालंय? कुणाची साखर गेली?" अंबूबाई पदर डोक्यावरून खाली ओढत ओढत जमिनीवर बसल्या. शेवटी सुबराव टीव्हीमागे घुसले आणि भिंतीतला प्लग उपटून बाहेर आले.

घर गप्प झालं. ती जाड भिंतींची, सरकत्या काचांची शांतता पुन्हा येऊन बसली. दिवाणाकडे बघायचं धाडस कुणाला होईना.

"का बंद क्येलासा?" दिवाणावरून मालुबाईंचा घोगरा आवाज आला.

"आक्का," अंबूबाई पदराआडून म्हणाल्या, "आईची आण, मी तसलं काय बोलले न्हाय. समदं त्या मशिनीनं क्येलं."

"मशिनीला साखरंचं कसं ठावं?"

अंबूबाईंनी पदर आणखी खाली ओढला.

"आता डोळा लागलता," मालुबाई चिडून म्हणाल्या. "किती दिसांनी लागलता. आन् तुमी बंद क्येलं. लावा पुन्यांदा."

मालुबाईंच्या डोळ्यांत खरंच झोप होती. चिडलेली, अर्धवट, नुकती कुठे येऊन दारातून परत पाठवलेली.

सुबरावांनी प्लग पुन्हा लावला आणि घाईघाईने ताटली बाहेर काढली. कुंकवाने बरबटलेली. खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी ती पुसली. टॉवेल खरबरीत आणि सुबराव मन लावून काम करणारे. ताटली लख्ख झाली, पण तिच्यावर ओरखड्यांची जाळी उठली. टीव्हीखालच्या डब्याने ती आत घेतली, तो थोडा वेळ कण्हत राहिला आणि त्याने ती बाहेर फेकली. पुन्हा घातली, पुन्हा फेकली.

सुबरावांनी राघवेंद्रला फोन लावला. "आरं, तू आवाज काढलास ते काढलास, आता फाईल तरी हाय न्हवं तुझ्याकडं?"

"मी काम दिल्यावर ठेवत नाही अण्णा, कॉम्प्युटर भरतो. पण टेन्शन येनु इल्ल, घ्यायचंच नाही, तुमच्या मोबाईलमध्ये ओरिजिनल आहे की!"

सुबरावांनी फोन खाली ठेवला. किशनच्या मोबाईलमध्ये होता तो नुसता डास. भंगारवाल्याने नेलं त्यापेक्षा जास्त त्यांनी स्वतःच्या बोटाने पुसलं होतं.

"संपलं आक्का," ते म्हणाले. "माग न्हाय राहिला आता कुठंच."

"माग कोण मागतंय?" मालुबाई म्हणाल्या. "हिला बोलाय सांग."

"कुणाला?"

"अंबूला."

अंबूबाईंनी पदर थोडा वर केला. "आक्का, मला माफ करा. पाया पडते. मागाच्या आवाजात तुमास्नी ऐकू जात न्हाय म्हणून…"

"शबुद न्हाय यायचा," मालुबाई म्हणाल्या. "पर तुझं चाललेलं कळायचं. पदर हलायचा की. मागाच्या तळाला बारीक धार लागल्यावाणी यायचं ते. ती धार लागली की मला वाटायचं, चला, घरात समदं बरं हाय. अंबू जागी हाय, अंबूच्या अंगात जोर हाय. मग मी बिनघोर पडायची." त्यांनी स्वरूपाकडे बोट केलं. "ही पोरगी गुणाची हाय. पर काय बोलतच न्हाय. मला भ्या वाटतंय, हिच्या पोटात काय चाललंय कुणास ठावं."

स्वरूपाचे डोळे भरून आले. "आई, मी बोलू?"

"बोल की."

स्वरूपाने खूप विचार केला. "तुम्ही… आंघोळीला गरम पाणी जरा जास्त घेता."

"र्‍हाऊ दे बाई," मालुबाई समजुतीने म्हणाल्या. "हळूहळू जमंल. आन् अंबू, साखरंला कुलूप तुझ्यासाठी नव्हतं. तुझा नवरा मुठीमुठीनं खायचा."

"मामा!" किशन म्हणाला.

अंबूबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की एका क्षणात त्यांच्या अंगात सगळा जोर परत आला. पण मालुबाई कुशीवर वळल्या, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "बोल," तेव्हा अंबूबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी घसा खाकरला. पदर तोंडावर घेतला. खाली केला.

"न्हाय यायचं आक्का. एवढ्या गपगार घरात कसं बोलू? माझं मलाच ऐकू येतंय. लाज वाटती."

सुबरावांनी आजूबाजूला बघितलं. कोपऱ्यात एक लाकडी पाट होता. त्यांनी तो मांडीवर ओढला. "स्वरूपा, लाटणं आण."

लाटणं आलं. सुबरावांनी पाटावर एकदा मारून पाहिलं. मग डाव्या हाताने ठोकलं, खटाक. उजव्या हातातलं लाटणं टेकवलं, खट. पहिल्या चार-दोन वेळा चुकलं, मग हातांना आठवलं. खटाक, खट, खटाक, खट. स्वरूपा आत पळाली आणि तिने मिक्सर रिकामाच सुरू केला. किशनने पंखा शेवटच्या आकड्यावर नेला, तरी तो गप्पच, म्हणून त्याने वॉशिंग मशीनचं बटण दाबून टाकलं. बांधल्यापासून पहिल्यांदा ते घर भिंतींसकट थरथरायला लागलं. सुबरावांनी डोळे मिटले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढे निळी साडी कणाकणाने पुढे सरकायला लागली, उन्हाची तिरपी पट्टी तिच्यावर पडली, आणि जगात कुठेही भंगारवाला उरला नाही.

अंबूबाईंनी पदर तोंडावर घेतला. पदर हलायला लागला.

"आल्या मोठ्या! गरम पाणी घेत्यात म्हणं. माझ्या घरात चुलीवरचं पाणी समदं ह्यास्नीच लागायचं. मला ऱ्हायचं ते तळाचं, कोमट. दिवाळीला साडी काढली की आधी ह्येंच्या अंगाला लावून बघायची. आंबं आलं की कोय मला…"

मालुबाईंचे खांदे सैल पडले. गालावरचा ताण उतरला. दुपार काचांबाहेर तशीच उभी होती. स्वरूपा दाराशी बसून बारकाईने ऐकत होती, शिकावं तसं. पदर हलत होता, पाट वाजत होता. बऱ्याच वेळाने अंबूबाईंचं सगळं बोलून झालं. चुली झाल्या, साड्या झाल्या, आंबे झाले, माहेरचा कुणी आला तेव्हाचं झालं. आता नणंदेबद्दल काही उरलं नाही म्हणून त्यांनी जरा श्वास घेतला आणि डोळे मिटून पाट बडवणाऱ्या माणसाकडे मोर्चा वळवला.

"आन् ह्यो बघा, साखरचोर. इतकी वरसं मी आक्कांला दोष दिला, आन् ह्यो मुठी मारत…"

भिंतीकडे तोंड केलेल्या मालुबाई झोपेतच पुटपुटल्या.

"त्येचं नगं गं. माझंच बोल."